बंदच्या दिवशी समोर जेवायचं

मुंबईहून परत आल्यावर देवपेठेतल्या प्रत्येकाने आम्हाला एकच प्रश्न विचारला, "समुद्र बघितला का?" बघितला. टॅक्सीतून, डाव्या हाताला होता. पण आम्ही तिघं गेलो होतो ते मुंबईतली माणसं कुठं जेवतात हे बघायला, आणि त्याबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही. म्हणून लिहून ठेवते.

बायपास झाल्यावर प्रवाशांचा वेळ वाचला, असं पेपरात आलं होतं. तो वाचलेला वेळ सगळा आमच्या पेठेत आला. एसटी स्टँडही बायपासला गेला, आणि दुपारी पेठेत कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपू लागली. माझं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, पिना, रिबिनी. टिकल्या घ्यायला म्हणून कुणी गाव गाठत नाही. माणसं जेवायला थांबायची, चहाला थांबायची, आणि पोट भरलेल्या बाईला मग समोर बांगड्या दिसायच्या. म्हणजे माझं दुकान दोन चुलींवर चालायचं, आणि त्यातली एकही माझी नव्हती.

एक चूल बापूंच्या उपाहारगृहाची. दुसरी शकूताईंच्या खानावळीची. दोन्ही समोरासमोर. पूर्वी अलिखित करार असा की खानावळीने चहा करायचा नाही आणि उपाहारगृहाने भाकरी थापायची नाही. एका पावसाळ्यात शकूताईंनी एका भिजलेल्या कंडक्टरला चहा करून दिला. दुसऱ्या दिवशी बापूंनी पाटी लावली, 'झुणका-भाकर मिळेल'. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. याला एक तप झालं होतं. भाकरी बापूंना शेवटपर्यंत जमली नाही, पण पाटी राहिली.

यंदा शकूताईंनी जाहीर केलं की गुडघे थकले, महिन्याने जेवणारे मेंबर उरले नाहीत, पाडव्यापासून गाळा प्लायवूडवाल्याला देणार. शब्द देऊन झाला होता. एक शब्द आणि पेठेतली अर्धी वर्दळ संपणार, हे कळल्यावर आमच्या व्यापारी मंडळाला अचानक अभ्यासाची गरज भासली. मुंबईत जुन्या खानावळी टिकल्या आहेत म्हणतात, तिथले रस्ते पुन्हा चालू लागलेत म्हणतात, तर कुणीतरी जाऊन बघून यावं. बापूंचं नाव निघालं म्हणून शकूताईंचं काढावं लागलं. माझं नाव लायकीवर निघालं नाही. दोघांच्या मधे बसायला कुणीतरी हवं होतं.

गिरगाव

माझा मावसभाऊ दिनेश गिरगावात चाळीत राहतो. पाहुणे आले की तो स्वतः गॅलरीत झोपतो आणि वर म्हणतो, "ताई, टेन्शन नको घेऊ, इकडेच हवा भारी लागते." बापूंना त्याने आपल्याशेजारी गॅलरीत घेतलं. शकूताई आणि मी आत. अशा रीतीने दोन्ही पक्षांमधे एक भिंत आली आणि मला झोप लागली.

सकाळी दिनेशने सांगितलेल्या जुन्या उपाहारगृहात गेलो. संगमरवरी टेबलं, आणि टेबल तुमचं नसतं, फक्त खुर्ची तुमची असते. समोर अनोळखी माणूस बसून वडा खातो आणि तुम्ही त्याला 'कुठले?' असं विचारायचं नसतं. मी विचारलं. तो "इथलाच" म्हणाला आणि पेपर वर धरला. तुमच्या पाठीमागे आणखी एक माणूस येऊन उभा राहतो. तो काही बोलत नाही, तुमच्या थालीपीठाकडे बघतो. आमच्याकडे याला दृष्ट लावणं म्हणतात. तिथं ती नंबर लावायची पद्धत आहे.

थालीपीठ उत्तम होतं. लोणी वितळायच्या आत संपवावं लागलं, कारण मागचा माणूस वितळत होता. पीयूष शकूताईंनी दोनदा चाखून बघितलं आणि मला म्हणाल्या, "जायफळ जास्त आहे." पलीकडून बापू मला म्हणाले, "वहिनी, जायफळ बरोबर आहे म्हणावं." मी दोन्हीकडे निरोप पोचवला. दोघंही एकाच टेबलावर होते.

गडबड यानंतर झाली. बापूंना गिऱ्हाईक म्हणून बसता येत नाही. चाळीस वर्षांत त्यांनी कुठल्याही हॉटेलात पंधरा मिनिटं नीट बसून काढली असतील असं वाटत नाही. आपलं खाणं झाल्यावर त्यांनी आमच्या बशा एकात एक घातल्या, शेजारच्याच्याही घातल्या, आणि उचलून आत नेऊन दिल्या. पांढरा शर्ट, खांद्यावर फडका. तो त्यांच्या खांद्यावर घरातून निघताना असतो, लग्नातही असतो. येताना वाटेत एका टेबलावरून हाक आली, "काका, दोन पीयूष, एक साबुदाणा वडा. जरा पटकन."

बापू थांबले. "वड्याबरोबर चटणी की दही?"

"दही."

बापूंनी आत जाऊन ऑर्डर सांगितली, आणि तयार झाल्यावर आणूनही दिली. तोवर दुसऱ्या टेबलाने चहा सांगितला होता. गल्ल्यावरचे गृहस्थ चष्म्यावरून हे सगळं बघत होते. रागवावं असं त्यांच्या मनात होतं, पण ऑर्डर बरोबर गेली होती. शेवटी ते म्हणाले, "काका, उद्या येणार का?"

मला बापूंची लाज वाटली होती, बाहेर आल्यावर तसं मी बोलूनही दाखवलं. बापूंनी आधी रस्ता ओलांडला. मग म्हणाले, "वहिनी, बायपास झाल्यापासून कुणी मला घाईनं हाक मारली नव्हती." मला वाईट वाटलं. शकूताई दोन पावलं पुढे होत्या. त्यांनाही ऐकू गेलं असणार, कारण त्या थांबून एका बंद दुकानाकडे बघत राहिल्या.

दादर

दादरला आम्ही सुधारलेला रस्ता बघायला गेलो. शिवाजी पार्कपासून चालत अंतरावर आहे. तिथल्या खाण्याच्या दुकानांना आधार द्यायचा म्हणून कुणीतरी सगळ्यांना सारख्या पाट्या, सारख्या निळ्या छत्र्या आणि बाहेर बाकडी दिली होती. कुंड्याही होत्या. पाट्या इतक्या सारख्या की आम्ही मिसळ खायला म्हणून एका डेंटिस्टकडे शिरलो. तिथल्या मुलीने नाव लिहून घेतलं आणि कुठल्या बाजूची दाढ, असं विचारलं, तेव्हा लक्षात आलं.

बापूंना छत्र्या फार आवडल्या. त्यांनी एक छत्री उघडून मिटून बघितली, दांडा हलवून बघितला. खालच्या चहावाल्याला मी विचारलं, फरक पडला का?

"छत्री चांगली आहे," तो म्हणाला. "सावली येते."

"आणि गिऱ्हाईक?"

"ते पण सावलीला येतं."

बाकड्यांवर सकाळी पार्कात फिरून आलेली निवृत्त मंडळी बसली होती. प्रत्येकाकडे घरून आणलेला थर्मास होता. त्यांतल्या एका आजोबांनी आम्हाला प्रेमाने सरकून जागा दिली आणि रस्ता किती छान झाला आहे ते सांगितलं. ते रोज येतात. चहावाल्याने मान डोलावली. रोज येतात हे खरं होतं.

संध्याकाळी गॅलरीत भाजी निवडताना शकूताई म्हणाल्या, "मंगल, छत्री लावून माझे गुडघे थांबायचे नाहीत. उगाच आलो आपण." मला तेव्हा खरंच वाटलं की उगाच आलो. पाडवा महिन्यावर आला होता.

लालबाग

दिनेश लग्नाआधी लालबागच्या एका खानावळीत मेंबर होता. खानावळ परबांची. चिंचपोकळी स्टेशनकडे जाणाऱ्या वर्दळीपासून जरा आत, एका गल्लीत आहे. परबांच्या आईने गिरणीतल्या माणसांसाठी ती सुरू केली. गिरण्या गेल्या, टॉवर आले, टॉवरवाले फोनवर जेवण मागवतात. तरी परबांकडे दुपारी बसायला जागा नव्हती. टॉवरचे वॉचमन, सोनाराकडचे कारागीर, परळच्या इस्पितळात कुणाला तरी ठेवून आलेली गावाकडची माणसं. ही शेवटची मंडळी जेवताना बोलत नाहीत, आणि परब त्यांना न विचारता भात वाढतात.

परब साठीचे, बनियनवर, बोलायला मोकळे. "बसा वो. मुंबईत लाजलात तर उपाशी मराल." बांगड्याचं तिखलं, सोलकढी, भात. शकूताईंनी तिखल्यात तिरफळ ओळखलं आणि जाऊन चुलीपाशी उभ्या राहिल्या. आमच्याकडे मासा म्हणजे सुकट. ताज्या बांगड्याचा काटा कसा काढायचा हे घाटावरच्या माणसाला कुणी शिकवत नाही. बापूंनी तो भाकरीसारखा तोडून तोंडात घातला, आणि काटा घशात अडकला.

डोळ्यांत पाणी आलं, मान पुढे गेली. शकूताई चुलीपासून आल्या आणि मला म्हणाल्या, "त्यांना सांग, कोरड्या भाताचा गोळा करा आणि न चावता गिळा."

बापूंनी हे ऐकलं. त्यांच्यापासून त्या हातभर अंतरावर होत्या. तरी ते तांबडेलाल होऊन माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "बापू, कोरड्या भाताचा गोळा करून न चावता गिळा." मग त्यांनी गिळला. काटा गेला. परब हे सगळं पातेलं हातात धरून बघत होते.

"ह्ये काय चाललाय?" त्यांनी मला विचारलं. मी सगळं सांगितलं. चहा, पाटी, एक तप. परब हसले नाहीत. स्टूल ओढून बसले.

"माझा नि समोरच्याचा असाच होता," ते म्हणाले. समोर मंजुनाथ म्हणून उडप्याचं हॉटेल आहे. एकदा परब खानावळ बंद ठेवून शिमग्याला गावी गेले. जाताना सगळ्या मेंबरांना दम देऊन गेले, समोर पाय ठेवलात तर परत माझ्याकडे यायचं नाही. "आठ-दहा दिवसांनी इलंय. बघतो तर अर्धे मेंबर गायब. मी मंजुनाथाकडे भांडायला गेलो. तो म्हणतो, माझ्याकडे एक पण आला नाही. आणि खरं होतं ते. मी सांगितलं तेच केलं त्यांनी. समोर गेले नाहीत. कोणी खोलीवर स्टोव्ह आणला, कोणी फोनवर मागवायला शिकला." मग ते त्यांच्या घरच्या बोलीत शिरले. "माणूस चार दिस उपाशी रवलो की आपली सोय करूक शिकता. मगे तो तुझोय नाय आणि समोरच्याचोय नाय."

त्यानंतर गल्लीत नियम झाला. प्रत्येकाने आठवड्यात वेगळ्या वारी बंद ठेवायचं, म्हणजे गल्लीत अंधार होत नाही. बंदच्या दिवशी आपल्या मेंबरांना समोर पाठवायचं. आणि नुसतं पाठवायचं नाही. मालकाने स्वतः समोर जाऊन जेवायचं, बाहेरून दिसेल अशा टेबलावर. "तोंड वाकडा न करता," परब म्हणाले. "मी जेवताना दिसलो की माझे मेंबर आत शिरतात. नाहीतर शिरत नाहीत, त्यांना वाटतं मला राग येईल."

"नियम कुणी केला?" मी विचारलं.

"त्याच्या बायकोनं नि माझ्या बायकोनं. दोघी भाजी आणायला एकत्र जातात. आम्हाला नंतर कळवण्यात आलं."

शकूताईंनी परबांना सरळ विचारलं, "आणि समोरचं कायमचं बंद पडलं असतं तर? सगळी माणसं तुमच्याकडेच आली असती की."

परबांनी गल्लीच्या तोंडाकडे बोट केलं. तिथं एक शटर खाली होतं, त्यावर गोडाऊन लिहिलेलं. "तिकडे पण खानावळ होती. बंद झाली तेव्हा मी खूश. म्हटलं, आता त्याची माणसं माझी. एक नाही आला. त्या कोपऱ्यावरून माणसं आत वळायची, तीच वळायची बंद झाली."

बापू बांगड्याचे काटे ताटाच्या कडेला एका ओळीत लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. शकूताईंची खानावळ बंद होणार हे पेठेत कळलं, त्या संध्याकाळी बापूंनी सगळ्या दुकानांत गरम जिलबी वाटली होती. कारण सांगितलं नव्हतं. मीही खाल्ली होती.

लालबाग, सोमवार

दुसऱ्या दिवशी परबांचा बंदचा वार होता. आम्ही चौघं समोर मंजुनाथकडे जेवायला गेलो. परबांनी धुतलेला शर्ट घातला होता. दारासमोरच्या टेबलावर ते बसले, आणि चेहरा असा ठेवला की जणू फोटो काढून घेत आहेत. एकेक वॉचमन बाहेर थांबायचा, परबांना बघायचा आणि आत यायचा. बघता बघता हॉटेल भरलं. मंजुनाथ गल्ल्यावर होता, गोरा, जाड, मराठी आमच्यापेक्षा जलद बोलणारा. "परब, आज सांबार कसंय?"

"ठीक," परब म्हणाले. सोमवारी ते 'ठीक'च्या वर जात नाहीत, असं मंजुनाथने आम्हाला सांगितलं.

गर्दी वाढली आणि वाढपी कमी पडले. शकूताई अस्वस्थ होऊ लागल्या. समोरच्या टेबलावर इस्पितळातून आलेलं एक जोडपं कोरडा भात खात बसलं होतं. आमच्या खानावळीत कुणाच्या भातावर आमटी नसणं म्हणजे मालकिणीची अब्रू गेली. शकूताई उठल्या. सांबाराची बादली उचलली आणि त्या जोडप्याला वाढलं. इथवर ठीक होतं. पण हात थांबेना. पुढच्या टेबलावर वाढलं, त्याच्या पुढच्या. "घ्या हो, अजून एक वाटी. असं काय करता, पोट भरलं पाहिजे." कुणी हाताने झाकलं तर हात बाजूला करून वाढलं. आग्रह हा आमच्या खानावळीचा प्राण आहे. मंजुनाथकडे मात्र दुसरी वाटी वेगळी लागते, असं भिंतीवर तीन भाषांत लिहिलेलं होतं. वॉचमन मंडळींनी ते वाचलं होतं आणि त्यांना आग्रह फार आवडला.

मंजुनाथ गल्ल्यावरून उठला. "बाई," तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही माझं हॉटेल बघायला आलात की बंद करायला?"

शकूताईंनी भिंतीकडे बघितलं, बादलीकडे बघितलं. बादली रिकामी होती. त्या इतक्या ओशाळल्या की तिथंच उभ्या राहिल्या. सगळं हॉटेल त्यांच्याकडे बघत होतं. मी उठणार, तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

"शकू, ये. बस. जेव आधी."

बापू थेट बोलले होते. माझ्याकडे न बघता. मला क्षणभर कळेना की आता हा निरोप मी द्यायचा की काय. शकूताई आल्या आणि बसल्या. बापू मंजुनाथला म्हणाले, "चूक आमची. पण मालक, ही बाई वाढायला लागली की गिऱ्हाईक उठत नाही, हे मी समोर बसून तीस वर्षं बघतोय. जळत होतो, म्हणून कधी म्हटलं नाही."

शकूताईंनी पानातल्या भाताकडे बघत उत्तर दिलं, "बापूदादा, चहा तुमच्यासारखा मला नाही जमला. त्या कंडक्टरनं अर्धा टाकला होता."

मंजुनाथने नवीन सांबार मागवलं. परब समाधानाने जेवत होते.

देवपेठ

परत येऊन आम्ही मंडळापुढे सगळं सांगितलं. मंडळाने शांतपणे ऐकून घेतलं आणि छत्र्या मागवायचं ठरवलं. लाल.

बापूंनी पाटी रंगवली, 'मंगळवार बंद'. झुणका-भाकरीची पाटी उतरवून त्याच फळीवर. त्यांचं हॉटेल कधी बंद नसे, त्यामुळे पहिल्या मंगळवारी त्यांच्या घरी कुणीतरी गेलं असं समजून दोघं जण भेटायला आले. बापू समोर शकूताईंकडे दाराजवळच्या बाकावर जेवत होते. भेटायला आलेले दोघंही मग जेवले. बापूंचं तोंड वाकडं झालं, पण ते ठेच्यामुळे, असं शकूताईंनी मानून घेतलं. शुक्रवारी आपली खानावळ बंद ठेवून शकूताई बापूंकडे जाऊन बसल्या आणि मिसळीला 'ठीक' म्हणाल्या.

पेठ सुधारली का? गर्दी झाली असं लिहिलं तर तुम्ही समोर राहणारेच मला हसाल. बँकेतली दोन मुलं परत मेंबर झाली. तालुक्याला जाणारे मास्तर शुक्रवारी आपसूक बापूंकडे वळतात. मी एका मंगळवारी एक डझन बांगड्या विकल्या. पण शकूताईंचा शब्द प्लायवूडवाल्याकडे होता, आणि शब्द फिरवणाऱ्यातल्या त्या नाहीत. तिघांपैकी कुणी तो विषय काढत नव्हतं.

पाडव्याच्या आधीच्या मंगळवारी प्लायवूडवाला टेप घेऊन आला. मीही तिथंच जेवत होते. माणूस सज्जन आहे, चपला बाहेर काढून आला. "ताई, तुमचं चालू द्या. मी नुसतं मोजून घेतो."

"मोजा," शकूताई आतून म्हणाल्या.

तो चुलीपासून दारापर्यंत मोजत आला आणि टेपचं टोक बापूंच्या बाकापाशी येऊन थांबलं. बापूंना उठावं लागणार होतं. ते उठले नाहीत. हात ताटात तसाच ठेवून ते म्हणाले, "मंगळवारी माझं बंद असतं. हिचंही बंद झालं तर मी जेवू कुठं?"

प्लायवूडवाल्याला ही थट्टा वाटली. तो हसला. बापू हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या दिवशी ताटात ठेचा नव्हता.

शकूताई हातात तव्यावरची भाकरी घेऊन बाहेर आल्या होत्या. ती त्यांनी बापूंच्या ताटात घातली. मग पदराला हात पुसून प्लायवूडवाल्याला म्हणाल्या, "भाऊ, मी तुम्हाला शब्द दिला होता आणि तो मोडतेय. काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेते. पण आधी जेवून घ्या."

तो बराच वेळ टेप गुंडाळत राहिला. बापू बाकावर थोडे सरकले.